किल्ली आणि कबुली

शाळेच्या वार्षिक अंकासाठीं आपल्या व्यवसायाविषयीं चार शब्द लिहावे, अशी सूचना संपादकांकडून आली, तेव्हां प्रथम आम्हांस थोडा संकोच वाटला. डॉक्टरांनीं रोग्यांच्या गोष्टी सांगाव्या, वकिलांनीं खटल्यांच्या सांगाव्या, दर्यावर्दी लोकांनीं वादळांच्या सांगाव्या. वाचक त्या आवडीनें वाचतात. परंतु ज्याचें आयुष्य दुसऱ्यांचीं दफ्तरें सांभाळण्यांत गेलें, त्यानें काय सांगावें? आमच्या धंद्याचें 'डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर' हें इंग्रजी नांव मोठें भारदस्त आहे; पण घरच्या वडील माणसांनीं विचारलें म्हणजे आम्ही 'दफ्तरदारी करितों' एवढेंच सांगतों, आणि तेवढ्यानें त्यांचें समाधान होतें. तथापि या दफ्तरदारींत आम्ही एक गोष्ट शिकलों, ती विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या आईबापांच्याहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों. ती गोष्ट ही कीं, किल्ली लपवावी, चूक लपवूं नये. बहुतेक माणसें याच्या नेमकें उलट वागतात, आणि त्यांतूनच मोठमोठे अनर्थ उद्भवतात.

दफ्तर हा शब्द आपल्याकडे जुना आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत मोडी लिपींतील असंख्य कागद रुमालांत बांधून ठेविलेले आहेत. कोणता कागद कोणत्या रुमालांत आहे हें ठाऊक असलेला जाणता मनुष्य नसेल, तर अशा दफ्तराचा उपयोग होणें कठीण. आणि रुमालास वाळवी लागली किंवा कोणीं एखादा कागद काढून नेला, तर एखाद्या घराण्याच्या वतनाचा पुरावाच नाहींसा व्हावयाचा. डेटाबेस म्हणजे असेंच दफ्तर, मात्र तें संगणकांत ठेविलेलें. १९७० सालीं एडगर कॉड या इंग्लंडांत जन्मलेल्या शास्त्रज्ञानें, अमेरिकेंतील आय.बी.एम. कंपनीच्या नोकरींत असतांना, एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती ओळी व रकाने असलेल्या साध्या तक्त्यांत मांडावी, आणि ती यंत्राच्या कोणत्या कोपऱ्यांत पडली आहे हें ठाऊक असण्याची गरज विचारणारास नसावी, असा त्यांतील विचाराचा मथितार्थ आहे. जुन्या कारकुनाच्या डोक्यांत जें असे तें यंत्राच्या अंगीं आणण्याचाच हा प्रयत्न म्हणावयाचा. आज बँकेंतील खातीं, रेल्वेचीं तिकिटें, विजेचीं बिलें, रुग्णालयांतील केसपेपर आणि परीक्षांचे निकाल हीं बहुधा अशाच तक्त्यांत असतात.

आपल्या शाळेचेंच उदाहरण घ्या. मुलाचें नांव दाखल होतांना त्याची जन्मतारीख, आईचें नांव, जन्मगांव, घरचा पत्ता हें सर्व रजिस्टरांत लिहिलें जातें. पुढें फी कोणत्या महिन्यांत थकली, कोणत्या विषयांत किती गुण मिळाले, कोणत्या आजारामुळें किती दिवस रजा झाली, याच्याहि नोंदी होतात. ही माहिती शाळेनें लिहिली खरी, पण ती शाळेच्या मालकीची झाली काय? आमच्या मतें नाहीं. ती त्या मुलाची व त्याच्या घराची आहे. शाळेकडे ती केवळ ठेव म्हणून आहे. शेजारणीनें गांवाला जातांना आपला दागिन्यांचा डबा विश्वासानें आपल्या कपाटांत ठेवावयास दिला, तर तो आपण उघडून पाहात नाहीं, दुसऱ्यास दाखवीत नाहीं, आणि परत मागतांच जसाच्या तसा देतों. दफ्तरदाराचा सगळा धर्म या एका दाखल्यांत आला.

हा धर्म दररोज कसा पाळावा लागतो, तें थोडेंसें सांगतों. सकाळीं कामावर गेल्याबरोबर आम्ही पहिल्यानें हें पाहतों कीं, रात्रीं दफ्तराची नक्कल निघाली कीं नाहीं. नक्कल निघाली एवढ्यावर भागत नाहीं. अधूनमधून ती दुसऱ्या यंत्रावर उघडून, तिच्यांतून मूळ दफ्तर पुन्हा उभें राहतें कीं नाहीं, हेंहि पडताळून पाहावें लागतें. मग काल कोण कोण दफ्तरांत शिरलें, कोणीं काय वाचलें, नोकरी सोडून गेलेल्या एखाद्या मनुष्याची किल्ली अजून चालू तर नाहीं ना, याची तपासणी. हें काम फार रुक्ष आहे. तें उत्तम झालें म्हणजे कोणास कळत नाहीं, आणि बिघडलें म्हणजे सगळ्या गांवास कळतें. बक्षीससमारंभांत ज्याचें नांव पुकारलें जात नाहीं अशा कामापैकीं हें एक आहे.

आतां किल्लीविषयीं. १९७५ सालीं जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं संगणकांतील माहितीच्या रक्षणाविषयीं एक निबंध लिहिला. त्यांत सांगितलेल्या तत्त्वांपैकीं एक असें आहे कीं, प्रत्येक मनुष्यास आणि प्रत्येक प्रोग्रॅमास आपलें काम पार पाडण्यापुरताच अधिकार असावा, त्याहून अधिक नसावा. ऐकावयास हें किती सोपें! परंतु अमलांत आणूं लागलें म्हणजे माणसांचे मानापमान आडवे येतात. फी घेणाऱ्या कारकुनास मुलांचीं आजारपणें पाहण्याचें कारण नाहीं, हें सर्वांस पटतें. पण मोठ्या हुद्द्याच्या साहेबांसहि तीं पाहण्याचें कारण नाहीं, असें म्हटलें कीं त्यांच्या कपाळास आंठी पडते. हुद्दा मोठा म्हणून किल्ली मोठी, असा आपल्याकडे समज आहे. आम्ही अशा वेळीं नम्रपणें एवढेंच सांगतों कीं, आपल्याजवळ जी किल्ली नाहीं, ती आपल्या हातून हरवत नाहीं, आणि तिच्याबद्दल आपणांवर कोणास संशयहि घेतां येत नाहीं.

किल्ली म्हणजे बहुतेक ठिकाणीं परवलीचा शब्द, ज्यास आपण पासवर्ड म्हणतों. हे शब्द दफ्तरांत कसे ठेवावे, हा एक मोठाच प्रश्न आहे. कारण चोर दफ्तरांत शिरला तर तो पहिल्यानें त्यांवरच हात मारणार. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्यालयांत एक संगणक होता, आणि पुष्कळ लोक एकाच वेळीं त्यावर काम करीत. एके दिवशीं एक व्यवस्थापक सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता, आणि दुसरा व्यवस्थापक त्याच वेळीं सर्वांस दिसावयाची दैनिक सूचना लिहीत होता. यंत्राच्या रचनेंतील दोषामुळें त्या दोघांच्या कच्च्या मसुद्यांची अदलाबदल झाली; आणि जो जो मनुष्य कामास बसला, त्याच्यापुढें सूचनेऐवजीं सर्वांच्या परवलीची यादी छापून आली! ही हकीकत रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनीं १९७९ सालच्या आपल्या एका निबंधांत नमूद केली आहे. तिचें तात्पर्य असें कीं, यादी कितीहि जपली तरी कधीं ना कधीं ती बाहेर पडेल असेंच धरून चालावें, आणि म्हणून मूळ शब्द यादींत ठेवूंच नयेत.

मग ठेवावें काय? याचें उत्तर आपल्या घरच्या जात्यापाशीं आहे. गव्हाचें पीठ होतें, परंतु पिठाचे पुन्हा गहूं होत नाहींत. त्याचप्रमाणें परवलीचा शब्द गणिताच्या जात्यांत दळून त्याचें फक्त पीठ यादींत ठेवावयाचें. मालक पुन्हा आला आणि त्यानें आपला शब्द सांगितला कीं तो पुन्हा दळावा, आणि दोन्ही पिठें जुळलीं तर दार उघडावें. मात्र चोर धूर्त असतो. तो लोकांच्या नेहमींच्या आवडीचे हजारों शब्द घरींच दळून ठेवतो आणि चोरलेल्या यादीशीं ताडून पाहतो. यावर मॉरिस आणि थॉम्पसन यांनीं दोन उपाय वर्णिले आहेत. एक, जातें मुद्दाम सावकाश फिरेल असें करावें; म्हणजे मालकास एकदां दळण्यास क्षणभर लागला तरी हरकत नाहीं, परंतु लाखों शब्द दळूं पाहणाऱ्या चोराचा जीव मेटाकुटीस यावा. दुसरा, प्रत्येकाच्या दळणांत वेगळी चिमूट टाकावी. म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळें निघेल. या चिमटीस या शास्त्रांत खरोखरच 'मीठ' असें म्हणतात. त्यांच्या पद्धतींत अशा ४,०९६ प्रकारच्या चिमटी होत्या. आज त्यांची संख्या कल्पनेपलीकडे वाढली आहे.

इतकें साधें ज्ञान तीस वर्षें उपलब्ध असूनहि लोक तें वापरीत नाहींत, याचा पडताळा २००९ सालच्या डिसेंबरांत आला. रॉकयू नांवाच्या एका अमेरिकन कंपनीच्या दफ्तरांत चोर शिरला आणि त्यास सुमारे ३ कोटी २० लाख परवलीचे शब्द मिळाले. ते ना दळलेले होते ना मीठ लाविलेले; जसेच्या तसे लिहिलेले होते. ते तपासून पाहतां असें आढळलें कीं, सुमारे २ लाख ९० हजार लोकांनीं १२३४५६ हाच आंकडा आपली किल्ली म्हणून ठेविला होता. दफ्तरदारानें कपाट उघडें टाकावें आणि मालकांनीं दारास सुतळी बांधावी, असा हा योग होता.

हा चोर ज्या वाटेनें शिरला ती वाटहि समजून घेण्यासारखी आहे. समजा, कचेरींत एक अतिशय आज्ञाधारक कारकून आहे. खिडकींतून चिठ्ठी आली कीं तींत लिहिलें असेल तसें तो करतो. चिठ्ठीवर 'या नांवाचा कागद काढा' असें छापलेलें असून पुढें नांवासाठीं मोकळी जागा आहे. भला मनुष्य तेथें 'गोविंद' असें लिहितो. परंतु एखादा लबाड तेथें 'गोविंद, आणि त्यानंतर सर्व कपाटें उघडून द्या' असें लिहितो, आणि तो भोळा कारकून नांव संपून हुकूम कोठें सुरू झाला हें न ओळखतां कपाटें उघडतो! डेटाबेसला प्रश्न विचारण्याची जी भाषा आहे तिला एसक्यूएल म्हणतात, आणि या युक्तीस 'एसक्यूएल इंजेक्शन'. उपायहि तितकाच साधा आहे. मोकळ्या जागेंत जें कांहीं लिहिलेलें असेल तें सर्व नांवच समजावें, हुकूम म्हणून कधींहि वाचूं नये, अशी ताकीद कारकुनास आधींच देऊन ठेवावी. एवढी ताकीद न दिल्यामुळें २०१५ सालच्या ऑक्टोबरांत इंग्लंडांतील टॉकटॉक या टेलिफोन कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची माहिती चोरीस गेली, आणि पुढच्या वर्षीं तिला ४ लाख पौंड दंड झाला. या प्रकरणांत एका १७ वर्षांच्या मुलानें न्यायालयापुढें अपराध कबूल केला, आणि मित्रांपुढें ऐट मिरविण्यासाठीं आपण हें केलें असें सांगितलें. आमच्या तरुण वाचकांनीं हें वाक्य पुन्हा एकदां वाचावें. उघडें दार दिसलें म्हणून आंत शिरणें ही हुशारी नव्हे. दार उघडें आहे हें घरधन्यास सांगणें यांत खरी हुशारी आहे.

आणखी एक गोष्ट ओझरती सांगून दुसऱ्या मुद्द्याकडे वळतों. २००३ सालच्या २५ जानेवारीस मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर एक संगणकी किडा तुटून पडला. त्याची लांबी अवघी ३७६ अक्षरें. परंतु दहा मिनिटांच्या आंत त्यास बळी पडण्याजोग्या यंत्रांपैकीं बहुतेक सर्व त्यानें गांठलीं, आणि त्यांची संख्या निदान ७५ हजार होती. अमेरिकेंतील एका मोठ्या बँकेचीं पैसे देणारीं यंत्रें बंद पडलीं. नवलाची गोष्ट ही कीं, ज्या भोंकांतून तो शिरला त्यास लावावयाचें ठिगळ कंपनीनें सहा महिने आधींच मोफत दिलें होतें. पुष्कळांनीं तें लाविलें नव्हतें, इतकेंच. पावसाळ्यापूर्वीं कौलें शाकारावीं हें ज्या घरांत सांगावें लागत नाहीं, त्या घरांतील मुलांस यावर अधिक सांगणें नको.

येथवर किल्लीची गोष्ट झाली. परंतु कितीहि जपलें तरी माणसाच्या हातून चूक व्हावयाचीच. ती झाल्यावर दफ्तरदारानें कसें वागावें, यावर त्याची खरी परीक्षा होते. या बाबतींत दोन उदाहरणें आमच्या मनांत नेहमीं शेजारीं शेजारीं उभीं राहतात.

पहिलें गिटलॅब या कंपनीचें. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या लोकांचे मसुदे सांभाळणें हा तिचा धंदा. २०१७ सालच्या ३१ जानेवारीस रात्रीं उशिरा तिचा एक कामगार दफ्तराच्या दुय्यम प्रतीची साफसफाई करूं पाहात होता. दमलेल्या माणसाची नजर चुकली, आणि दुय्यम प्रत समजून त्यानें मुख्य दफ्तरच पुसण्याचा हुकूम सोडला. दोन-एक क्षणांत त्याच्या लक्षांत आलें आणि त्यानें हात आवरला. परंतु तेवढ्यांत सुमारे ३०० गिगाबाइटांपैकीं अवघे साडेचार उरले होते. मग नकलांची शोधाशोध सुरू झाली. नकला घेण्याच्या पांच निरनिराळ्या व्यवस्था होत्या, पण ऐन वेळीं त्यांपैकीं एकहि नीट उपयोगी पडेना. एक व्यवस्था तर कित्येक दिवस मुकाट्यानें अपयशी होत होती, आणि त्या अपयशाची सूचना देणारीं पत्रें वाटेंतच नाकारलीं जात होतीं. सुदैव इतकेंच कीं, त्याच कामगारानें सहा तास आधीं दुसऱ्याच एका कामासाठीं एक नक्कल काढून ठेविली होती. तिच्यावरून दफ्तर पुन्हा उभें राहिलें; मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

आतां ही कंपनी काय करती झाली पाहा. तिनें दुरुस्ती चालू असतांनाच आपलें टांचण सर्व जगास वाचावयास खुलें केलें. काय पुसलें गेलें, कोणत्या नकला निकामी निघाल्या, आतां काय करून पाहात आहों, हें सर्व तींत होतें. पुढें तिनें सविस्तर हकीकत प्रसिद्ध केली, आणि एका माणसाच्या माथीं खापर न फोडतां व्यवस्थेंत कोठें कोठें उणीव होती तें सांगितलें. तें वाचून देशोदेशींच्या दफ्तरदारांनीं आपापल्या नकला तपासून पाहिल्या असतील. आम्ही तर दुसऱ्याच दिवशीं तपासल्या.

दुसरें उदाहरण उबर या कंपनीचें. २०१६ सालच्या उत्तरार्धांत तिच्या दफ्तराची किल्ली तिच्याच प्रोग्रॅमांच्या मसुद्यांत लिहून ठेवलेली चोरांस सांपडली, आणि सुमारे ५ कोटी ७० लाख उतारूंची व चालकांची माहिती त्यांनीं लांबविली. कंपनीनें त्या लोकांस सावध करण्याऐवजीं चोरांस १ लाख डॉलर देऊन गप्प बसविलें. एक वर्षानें, २०१७ सालच्या नोव्हेंबरांत, नव्या मुख्याधिकाऱ्यानें ती गोष्ट उघड केली. पुढच्या वर्षीं तिला अमेरिकेंतील संस्थानांस १४ कोटी ८० लाख डॉलर द्यावे लागले, आणि २०२२ सालीं तिच्या माजी सुरक्षाप्रमुखास ज्यूरीनें दोषी ठरविलें. एकीकडे चूक उघड झाली आणि विश्वास राहिला. दुसरीकडे किल्ली उघडी पडली होती आणि चूक तेवढी कुलपांत होती.

हें सर्व दूरदेशचें झालें. आमच्या स्वतःच्या अनुभवांतील एक प्रसंगहि सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका संस्थेच्या दफ्तराचें काम पाहात होतों. त्यांत रुग्णांच्या नोंदी होत्या. संस्थेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथील दुसऱ्या एका खात्यानें नव्या प्रोग्रॅमाची चांचणी घेण्यासाठीं दफ्तराची एक प्रत नेली आणि ती इंटरनेटवर उघड्या असलेल्या एका यंत्रांत परवलीच्या शब्दावांचून ठेवून दिली. मासिक तपासणींत हा प्रकार आमच्या दृष्टीस पडला. यंत्र तत्काळ बंद केलें. परंतु येणाऱ्याजाणाऱ्यांची जी नोंद यंत्र आपोआप ठेवीत असतें, तींत असें दिसलें कीं, दोन अनोळखी ठिकाणांहून कोणीं तरी ती सबंध प्रत उतरून नेली होती.

वरिष्ठांचें म्हणणें असें पडलें कीं, दार लाविलें आहे, आतां प्रकरण संपलें; लोकांस सांगून घबराट कशास उडवावी? ती नोंद ठराविक दिवसांनीं आपोआप पुसली जात असे, आणि तो दिवस जवळ आला होता. ती तशीच पुसली जाऊं द्यावी, असें आम्हांस सुचविण्यांत आलें. आम्हीं तिची प्रत काढून ठेविली, घडलेला प्रकार दोन पानांत तारीखवार लिहिला, त्यावर सही केली आणि तें टिपण रीतसर सादर केलें. आमच्या डोळ्यांपुढें त्या तक्त्यांतील ओळी होत्या. त्यांत क्षयाचे रोगी होते, एच.आय.व्ही. झालेले लोक होते. आपलें दुखणें सख्ख्या भावासहि न सांगितलेल्या स्त्रिया होत्या. उद्यां एखाद्या हरामखोरानें यांपैकीं कोणास फोन करून पैसे मागितले, तर त्यानें कोणाच्या तोंडाकडे पाहावें? आपलें गुपित फुटलें आहे हें ज्यास ठाऊकच नाहीं, तो सावध तरी कसा राहणार?

आठ दिवस वाद चालला. शेवटीं विश्वस्तांपैकीं एका वृद्ध डॉक्टरीणबाईंनीं तें टिपण मागवून वाचलें आणि प्रत्येक रुग्णास पत्र पाठविण्याचा निर्णय दिला. पत्र साध्या मराठींत होतें: काय गेलें, केव्हां गेलें, आम्ही काय केलें, तुम्ही काय करावें. पुष्कळ लोक रागावून आले, आणि त्यांचा राग योग्यच होता. परंतु त्यांत दोघे असेहि होते कीं, त्यांस संस्थेच्या नांवानें पैशांसाठीं फोन येऊन गेले होते. पत्र हातीं पडल्यामुळें त्यांनीं ती फसवणूक ओळखली आणि एक पैसाहि दिला नाहीं. एक म्हातारे गृहस्थ तर जातां जातां म्हणाले कीं, तुमच्यावर माझा राग आहे, पण तुम्हीं सांगितलेंत म्हणून पुढच्या महिन्यांत औषधास येथेंच येईन. दुसऱ्या वर्षीं आमच्या कामाचा करार नवा झाला नाहीं. कारण कोणीं सांगितलें नाहीं, आम्हींहि विचारलें नाहीं. त्या वर्षीं घरखर्चाची ओढ चांगलीच जाणवली, हें सांगितलें पाहिजे. कारण खरें बोलण्यास कांहींच मोल पडत नाहीं, असें मुलांस शिकविणें हें एक प्रकारें खोटेंच होय.

आमच्या धंद्यांतील लोकांत आपले अनुभव लिहून सर्वांस वाचावयास देण्याची एक चांगली चाल आहे. आम्हीहि तसें लिहितों. कोणी विचारतात कीं, दफ्तराचा रखवालदार आणि चावडीवर बसून बोलणारा, हीं दोन सोंगें एका माणसास कशीं शोभावीं? याचें उत्तर १८८३ सालीं ऑग्युस्त केर्कहोफ्स या हॉलंडांत जन्मलेल्या भाषापंडितानें देऊन ठेविलें आहे. लष्करी गुप्तलेखनाविषयीं फ्रेंच भाषेंत लिहितांना त्यानें असें प्रतिपादिलें कीं, गुप्तलेखनाची पद्धति शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडूं नये. गुपित असावयाचें तें फक्त किल्लीचें. कुलूप कसें बनतें हें सर्वांस ठाऊक असावें, म्हणजे त्यांतील दोष चार शहाण्यांस दिसून ते सुधारतील. म्हणून लिहितांना आम्ही वैद्याची मर्यादा पाळतों: रोग सांगावा, रोग्याचें नांव सांगूं नये. उदाहरणांतील तक्ते व नांवें कल्पित घ्यावीं. यंत्रांचे पत्ते व किल्ल्या कधींहि लिहूं नयेत. आणि जें भोंक अजून बुजविलेलें नाहीं त्याची दवंडी पिटूं नये, तें आधीं घरधन्याच्या कानीं घालावें.

२०२३ सालीं भारताच्या संसदेनें व्यक्तींच्या माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत केला. माहिती फुटल्यास ज्यांची ती आहे त्यांस कळवावें, आणि १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वीं आईबापांची संमति घ्यावी, अशीं कलमें त्यांत आहेत. ज्या गोष्टीसाठीं त्या संस्थेंत आठ दिवस वाद घालावा लागला, ती आतां कायद्याच्या पुस्तकांत आली, याचा आम्हांस आनंद वाटतो. तथापि कायदा घरांत येऊन राहात नाहीं. घरांतील वळण आपणांसच लावावें लागतें.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, किल्लीविषयीं इतकेंच सांगणें आहे कीं, प्रत्येक दारास वेगळी किल्ली ठेवा. ती लांब असूं द्या, एकमेकांशीं संबंध नसलेले चार शब्द जोडून केली तर लक्षांत राहते आणि चोरास दळावयास जड जाते. आणि जिवलग मित्रासहि ती देऊं नका, कारण मैत्रीची परीक्षा किल्ली मागण्यानें होत नाहीं. फोनवर आलेला सहा आंकडी क्रमांक कोणीं कितीहि गोड बोलून मागितला तरी सांगूं नका. इतकें करूनहि फसगत झालीच, तर त्याच घटकेस घरीं सांगा.

आणि पालकांस आमची हात जोडून विनंति आहे. मुलानें असें कांहीं सांगितलें तर पहिल्यानें त्याचें ऐकून घ्या, रागें भरावयाचें असेल तर मागाहून भरा. पैसे गेले असतील तर सरकारनें त्यासाठीं ठेविलेल्या १९३० या क्रमांकावर लागलीच फोन करा. जितका उशीर होईल तितके ते पैसे पुढें पुढें सरकत जातात. पुष्कळ मुलें चोरापेक्षां बापाच्या रागास अधिक भितात, आणि या भीतींतच चोरास हवा असलेला वेळ मिळतो. ज्या घरांत चूक सांगणाऱ्या मुलास जवळ बसवून घेतात, त्या घराच्या दफ्तराची एक नक्कल आईबापांच्या हृदयांत नेहमीं सुरक्षित असते. आमच्या शाळेंतील मुलांच्या किल्ल्या सदैव त्यांच्यापाशीं राहोत, आणि त्यांच्या चुका सांगावयास त्यांस घरीं व शाळेंत विश्वासाचें माणूस मिळो, एवढी इच्छा प्रकट करून हा लेख पुरा करितों.